साहेबाच्या घरात भाड्याने

शिकागोला गेलेला मराठी माणूस काय काय बघतो? मिलेनियम पार्कातला तो चकचकीत 'बीन', पूर्वीचा सिअर्स (आताचा विलिस) टॉवर, आणि थोडा हळवा असेल तर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत. कारण १८९३ साली स्वामी विवेकानंद तिथेच बोलले होते. याच इमारतीपासून चालत पाच-दहा मिनिटांवर मिलेनियम स्टेशन आहे. तिथून मेट्राची लोकल पकडून दक्षिणेला साधारण २० किलोमीटर गेलं की १११व्या स्ट्रीटचं स्टेशन लागतं. तिथे मात्र कोणी उतरत नाही. माझं म्हणणं असं की आपल्यासारख्या नोकरदारांनी, त्यातही आयटीवाल्यांनी, शिकागोत एकच जागा बघायची ठरवली तर ती ही बघावी. वस्तीचं नाव पुलमन.

गंमत म्हणजे १८९३ साली हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं (विवेकानंदांची सर्वधर्म परिषद त्याच निमित्ताने झाली) आणि प्रदर्शनाला आलेले पाहुणे आवर्जून पुलमन बघायला जात. मालकाने कामगारांसाठी बांधलेलं आदर्श गाव म्हणून!

जॉर्ज पुलमन हा रेल्वेचे झोपायचे डबे बनवणारा माणूस. डबे कसले, रुळांवर चालणारी आलिशान हॉटेलंच. १८८० साली त्याने शिकागोच्या दक्षिणेला, कॅल्युमेट तळ्याच्या काठी, सुमारे ४,००० एकर जमीन घेतली आणि कारखान्याबरोबर अख्खं गाव वसवायला काढलं. आर्किटेक्ट सोलन बेमन आणि बागा-रस्ते आखणारा नेथन बॅरेट. तळ्यातल्या चिकणमातीच्या विटा तिथेच भाजल्या. १ जानेवारी १८८१ ला पहिलं कुटुंब राहायला आलं आणि तीन-चार वर्षांत गाव जवळपास पूर्ण झालं.

आणि गाव खरोखरच चांगलं होतं, हे आधी मान्य करायला हवं. पक्क्या विटांची एकाला एक लागून घरं, घरात नळाचं पाणी, गॅस, मागे छोटंसं अंगण, समोर झाडं लावलेला रस्ता. सांडपाणी रस्त्यावर न सोडता पाइपातून कंपनीच्या शेतावर नेऊन खत म्हणून वापरायचे. बाजाराची इमारत वेगळी. 'आर्केड' नावाच्या इमारतीत दुकानं, थिएटर आणि ग्रंथालय. पाहुण्यांसाठी मालकाच्या मुलीच्या नावाचं हॉटेल फ्लॉरेन्स. त्या काळी शिकागोचा कामगार लाकडी खोपटात, उघड्या गटाराशेजारी राहत होता. त्याच्यापुढे हे म्हणजे स्वर्गच. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑफिसला लागून गेटेड सोसायटी, क्लब हाऊससकट.

मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते बारीक अक्षरांत. या गावातलं एकही घर विकत मिळत नसे. चर्चपासून बाजारातल्या गाळ्यापर्यंत सगळं कंपनीचं आणि सगळं भाड्याने. भाडेकरार दहा दिवसांच्या नोटिशीवर संपवता येई. दारूचं दुकान नाही. प्यायला मिळे ती फक्त हॉटेल फ्लॉरेन्समध्ये, पण ते काही कामगाराच्या खिशाला परवडणारं ठिकाण नव्हतं. ग्रंथालयाची वर्गणी वर्षाला ३ डॉलर. हिरव्या दगडाचं सुंदर चर्च १८८२ साली बांधून झालं, पण त्याचंही भाडं इतकं ठेवलं होतं की काही वर्षं ते नुसतंच रिकामं पडून होतं. पुलमनसाहेबांचं तत्त्व स्वच्छ होतं. हे दानधर्म नाही, गुंतवणूक आहे, आणि गुंतवणुकीवर सहा टक्के सुटले पाहिजेत. देवसुद्धा त्यातून सुटला नाही.

१८८५ साली रिचर्ड ईली नावाचा अर्थशास्त्रज्ञ हे गाव बघून आला आणि त्याने 'हार्पर्स' मासिकात लेख लिहिला. गावाची टापटीप त्याला आवडली, पण शेवटी त्याने म्हटलं की हे सगळं अमेरिकन नाही, ही भल्या मनाची सरंजामशाही आहे. भल्या मनाची, हा शब्द महत्त्वाचा. पुलमन हा सिनेमातला खलनायक नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की चांगल्या घरात राहिला की माणूस चांगला होतो, कमी पितो, जास्त आणि नीट काम करतो आणि संपाच्या भानगडीत पडत नाही. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

१८९३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मंदी आली. रेल्वे कंपन्या बुडायला लागल्या, नव्या डब्यांच्या ऑर्डरी आटल्या. पुलमनने आधी माणसं कमी केली, मग उरलेल्यांची मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी कापली. भागधारकांना मात्र आठ टक्के डिव्हिडंड नेहमीसारखा दिला. आणि घरभाडं? ते एका सेंटनेही कमी केलं नाही. आधीच ते आजूबाजूच्या तशाच घरांच्या भाड्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त होतं, असं पुढे सरकारी चौकशी आयोगाने नोंदवलं. पगार वाटायचा कंपनीनेच आणि भाडं घ्यायचं तेही कंपनीनेच. त्यामुळे भाडं वळतं करून हातात काही सेंट उरल्याच्या साक्षी त्याच आयोगापुढे झाल्या.

जेनी कर्टिस नावाची शिवणकाम करणारी तरुण मुलगी याच आयोगापुढे बोलली. तिचे वडीलही पुलमनमध्येच कामाला होते. ते आजारी पडले आणि सप्टेंबर १८९३ मध्ये वारले. तेव्हा घरभाड्याचे सुमारे ६० डॉलर थकले होते. कंपनीने तिला सांगितलं, ही बाकी तुझ्या पगारातून थोडी थोडी फेडायची. पगार आधीच कापलेला. बरं, कंपनीने वडिलांवर अन्याय केला असंही कागदावर म्हणता येत नाही. भाडं थकलं होतं, ते मागितलं. कुठल्याही घरमालकाने मागितलं असतं. फक्त कुठल्याही घरमालकाच्या हातात तिच्या पगाराचं पाकीट नसतं!

इथे पुलमनची बाजू ऐकण्यासारखी आहे, कारण ती आजही आपल्याला ऐकवली जाते. तो म्हणाला, कारखाना हा एक धंदा आहे आणि घरं हा दुसरा धंदा. मजुरी बाजारभावाने ठरते, भाडं गुंतवणुकीवरून ठरतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय? वर घरांवर ठरवलेले सहा टक्केसुद्धा सुटत नाहीत, तेव्हा भाडं कमी कशाला करू? हिशेबाच्या वह्या दोन होत्या हे खरं. सहा टक्के सुटत नव्हते हेही खरं. कंपनीच्या बाजूने आणखी एक सांगायला हवं. संपाच्या सुमारास गावातलं सुमारे ७०,००० डॉलर भाडं थकलं होतं, आणि तरी कंपनीने लोकांना सरसकट घराबाहेर काढलं नाही.

पण आपण जी सिस्टिम बघतो ती कंपनीच्या वहीतून बघायची की कामगाराच्या घरातून? कंपनीच्या बाजूने दोन मॉड्यूल वेगवेगळी होती. कामगाराच्या बाजूने दोन्ही एकाच माणसात येऊन मिळत होती. आपल्या धंद्यात याला टाइट कपलिंग म्हणतात आणि ते का वाईट हे कॉलेजातल्या पोरालाही माहीत असतं. एक भाग पडला की दुसरा आपोआप पडतो. एरवी पगार घटला तर माणूस स्वस्त घर बघतो, घरमालकाला म्हणतो दोन महिने थांबा, वाण्याकडे उधारी वाढवतो. म्हणजे एका बाजूने दाबलं तर दुसऱ्या बाजूला थोडी जागा असते. पुलमनमध्ये ती जागाच नव्हती. कायद्याने गाव सोडून जायला कोणाचीही बंदी नव्हती, पण मंदीत माणसं कमी करायची वेळ आली तर कंपनीच्या घरात राहणाऱ्याला आधी काम मिळेल, असं लोकांना वाटत होतं. मग कोण सोडणार घर?

मे १८९४ मध्ये कामगारांची एक समिती गाऱ्हाणं घेऊन साहेबांना भेटली. भेटायला गेलेल्यांपैकी तिघांना लगेच कामावरून कमी केलं गेलं. ११ मे ला संप सुरू झाला. जून महिन्यात युजीन डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने ठरवलं की ज्या गाडीला पुलमनचा डबा असेल ती गाडी चालवायची नाही. बघता बघता २७ राज्यांत अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अर्ध्या देशाची रेल्वे अडली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी जुलैमध्ये सैन्य पाठवलं, नुसत्या शिकागोत डझनभर माणसं मेली, डेब्स तुरुंगात गेले, संप मोडला. त्याच धामधुमीत, २८ जूनला, क्लीव्हलंड यांनी लेबर डेच्या राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर सही केली. अमेरिकेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लाँग वीकेंडला बार्बेक्यू करता ना, तीच ही सुट्टी.

म्हणजे जे गाव संप होऊ नये म्हणून बांधलं, तिथूनच अमेरिकेतला सगळ्यात मोठ्यांपैकी एक संप निघाला. आणि यावर कडी अशी की १८९६ साली प्रागच्या एका प्रदर्शनात पुलमनला जगातलं सर्वोत्कृष्ट गाव म्हणून बक्षीस मिळालं! ज्युरींनी बहुधा ब्रोशर नीट वाचलं होतं.

१८९७ मध्ये पुलमन वारला. लोक थडग्याची विटंबना करतील या धास्तीने त्याची शिशाने मढवलेली शवपेटी काँक्रीट आणि लोखंडी रुळांच्या थराखाली पुरली. रुळांवर नाव कमावलेल्या माणसाला रुळांखालीच झोपावं लागलं.

आता एक गोष्ट, जी या 'आदर्श गावा'च्या गप्पांत नेहमी मागे राहते. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची अंथरुणं घालणारे, बूट पुसणारे पोर्टर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते. सुरुवातीला तर नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, मालकाचं नाव म्हणून. या मंडळींना त्या सुंदर गावात घर नव्हतं. आणि डेब्स यांच्या युनियननेही जून १८९४ मध्ये ११२ विरुद्ध १०० मतांनी ठरवलं की कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यायचं नाही. बारा मतं! पोर्टर लोकांना आपली युनियन उभारायला १९२५ उजाडलं (ए. फिलिप रँडॉल्फ त्यांचे नेते) आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७. त्यांचं म्युझियम आज याच वस्तीच्या उत्तर भागात आहे. चांगल्या घरांचा हिशेब मांडताना ती कोणाला मिळाली नाहीत तो रकानाही भरावा लागतो.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या मते पुलमनची खरी गोष्ट सुरू होते ती १८९८ मध्ये. त्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेल्वेचे डबे बनवायची सनद घेतलेल्या कंपनीला गाव बाळगायचा अधिकार नाही, घरं विका. १९०७ च्या सुमारास विक्री आटोपली आणि तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या नावाचं घर घेता आलं. घर तेच, विटा त्याच, शेजारीही तेच. फक्त दहा दिवसांची नोटीस गेली.

याने काय फरक पडला ते १९६० साली कळलं. तोवर वस्ती जुनी, थोडी कळकट झाली होती. तेव्हा एक प्रस्ताव आला की १११वी ते ११५वी स्ट्रीट हा सगळा भाग पाडून तिथे कारखान्यांसाठी जागा करावी. मालक एकच कंपनी असती तर एका सहीत विषय संपला असता. पण आता शेकडो दारांवर शेकडो नावं होती. लोकांनी पुलमन सिव्हिक ऑर्गनायझेशन उभी केली, भांडले, कागद गोळा केले, आणि पाडापाडी होऊ दिली नाही. १९७० मध्ये वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, १९७२ मध्ये शिकागो शहराने दक्षिण पुलमनला आणि १९९३ मध्ये उत्तर पुलमनला संरक्षण दिलं. १९९८ मध्ये कारखान्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याला आग लागली, तोही पुन्हा उभारला. २०१५ मध्ये ओबामांनी पुलमनला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं आणि डिसेंबर २०२२ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. हे 'उद्यान' मात्र तिकीट काढून बघायचं रिकामं म्युझियम नाही. त्या घरांत माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, कुत्री फिरवतात.

कोणी म्हणेल, आता तरी कुठे स्वातंत्र्य आहे? ऐतिहासिक वस्ती म्हटल्यावर रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायलासुद्धा शहराची परवानगी लागते. खरंय. जाच आहेच. पण हे नियम लोकांनी स्वतः मागून घेतले आणि ते पटले नाहीत तर नगरसेवकाला जाब विचारता येतो, पुढच्या वेळी पाडताही येतं. पुलमनसाहेबांना कोण पाडणार होतं? नियम असण्याला माझा विरोध नाही. नियम करणारा, पगार देणारा आणि घराची किल्ली ठेवणारा एकच असण्याला आहे.

आपल्याकडेही किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर उभी केलेली. अशा वसाहतींत वाढलेली मंडळी तिथल्या आठवणी किती प्रेमाने सांगतात ते आपण ऐकतोच, आणि ते प्रेम खोटं नाही. सगळ्या कंपनी-वसाहती पुलमन होत नाहीत. पण त्या चांगल्या निघतात तेव्हा मालकाच्या चांगुलपणामुळे निघतात. आणि सिस्टिम डिझाइन करताना 'अॅडमिन भला माणूस आहे' हे काही सिक्युरिटी मॉडेल नव्हे.

तुम्ही म्हणाल, आपली कंपनी कुठे घरं बांधते? बांधत नाही, फुकट कॉफी देते. पण मोजून बघा. आई-वडिलांचा मेडिक्लेम कोणाचा? कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स. बचत कशात? त्याच कंपनीच्या शेअर्समध्ये. मित्र कोण? टीममधले. अमेरिकेत असाल तर एच-वन-बी कोणाच्या नावावर? त्याच कंपनीच्या. नोकरी गेली की बहुतेकांच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही तर दुसरा व्हिसा, नाहीतर मुलांची शाळा, गाडी, घराचं लीज सगळं गुंडाळून परत. २०२२-२३ च्या ले-ऑफमध्ये हे कित्येकांनी भोगलं. पुलमनची नोटीस दहा दिवसांची होती, ही साठ दिवसांची. सुधारणा आहे म्हणायची!

आणि इथेही वह्या वेगवेगळ्याच असतात. एचआर म्हणतं व्हिसा हा सरकारचा विषय, इन्शुरन्स हा इन्शुरन्स कंपनीचा, शेअर हा बाजाराचा. सगळं बरोबर. फक्त ज्या दिवशी बॅज चालायचा बंद होतो, त्या दिवशी हे सगळं एकदम बंद होतं. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला होता हे सर्व्हर उडाल्यावरच कळतं.

नोकरी सोडा, बंड करा असलं काही मी सांगत नाहीये. मलाही ईएमआय आहेत. सांगायचं एवढंच की सोयी घ्या, पण प्रत्येक दोरी वेगळ्या खुंटीला बांधा. आई-वडिलांचा एक मेडिक्लेम स्वतःच्या नावाने काढा, कंपनीचा असला तरी. मिळालेले शेअर्स जमतील तसे विकून पैसे दुसरीकडे ठेवा. सहा महिन्यांचा खर्च अशा खात्यात ठेवा ज्याचा पगाराशी संबंध नाही. ऑफिसबाहेरची चार माणसं ओळखीची ठेवा. यातलं काहीही आज गरजेचं वाटत नाही, कारण आज सगळं छान चाललंय. १८९२ मध्ये पुलमनमध्येही छान चाललं होतं.

शिकागोला जाणं झालं तर अर्धा दिवस काढा. घड्याळाच्या मनोऱ्यात व्हिजिटर सेंटर आहे, तिथे सगळी माहिती मिळते. हिरवं चर्च बघा, हॉटेल फ्लॉरेन्स बघा. मग गल्ल्यांमधून हिंडताना घरांच्या दारांकडे नीट लक्ष द्या. १८८० च्या दशकात एकाच साच्यातून काढलेल्या या रांगांमध्ये आता कुठे पायऱ्यांवर कुंड्या दिसतील, कुठे व्हरांड्यात झोपाळा. एवढा छोटासा फरक पडायला एक संप, एक कोर्टाचा निकाल आणि पुढची बरीच वर्षं लागली.